इटालियन शिकू या : ‘पेक्षा’, ‘सर्वांत’ आणि ‘अतिशय’



या पानावरील पाठांत आपण आतापर्यंत इटालियन नामांचे लिंग व वचन आणि त्यानुसार बदलणारी विशेषणांची शेवटची अक्षरे पाहिली. आज तरतमभाव पाहावयाचा आहे. एक वस्तू दुसरीपेक्षा मोठी आहे, तिसरी सर्वांत मोठी आहे, चौथी अतिशय मोठी आहे, हे इटालियनमध्ये कसे सांगावे?

विषय व्याकरणाचा असला तरी कोरडा नाही. आपल्या धर्मग्रामातून इटलीस जाणाऱ्यांत धर्मभगिनी आहेत, सेमिनरीचे विद्यार्थी आहेत, जहाजावर नोकरी करणारे तरुण आहेत आणि वृद्धांची देखभाल करण्यासाठी जाणाऱ्या भगिनीही आहेत. घरी राहून वृद्धांची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला इटलीत ‘बादान्ते’ म्हणतात. तिचे दिवसभराचे बोलणे म्हणजे जवळजवळ सगळी तुलनाच असते. आज दुखणे कालपेक्षा कमी आहे का? रात्री झोप अधिक लागली का? दोनपेक्षा जास्त गोळ्या द्यायच्या नाहीत ना? इथे एक लहानसा शब्द जागा चुकला तर अर्थ उलटा होतो. तो शब्द पुढे येईलच. शिवाय इटलीत पाच वर्षे कायदेशीर वास्तव्य केल्यावर दीर्घकालीन वास्तव्याचा परवाना हवा असेल, तर २०१० सालापासून ए-२ पातळीची इटालियन येणे आवश्यक झाले आहे. नागरिकत्वासाठी डिसेंबर २०१८ पासून बी-१ पातळी लागते. आजचा विषय ए-२ मध्येच येतो.

लिहिण्यासंबंधी एक सूचना. आम्ही इटालियन शब्द देवनागरीत देत आहोत, ते मुद्दाम. इटालियनमधील ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने त्यांचा ‘ट’ आणि ‘ड’ करू नये. जोडाक्षर दिसले की ते ठासून उच्चारावे. ‘ए’ म्हणजे ‘आहे’, हे आपण मागेच शिकलो.

विशेषण जसेच्या तसे

पहिली गोष्ट आनंदाची आहे. मराठी माणसाला हा विषय इंग्रजी माणसापेक्षा सोपा जातो. इंग्रजीत तुलना करताना पुष्कळदा विशेषणाचे रूपच बदलते. आपण मराठीत तसे करत नाही. ‘आन्ना उंच आहे’, ‘आन्ना मारियापेक्षा उंच आहे’, ‘आन्ना सर्वांत उंच आहे’ या तिन्ही वाक्यांत ‘उंच’ हा शब्द जागचा हलत नाही. इटालियनमध्येही तो हलत नाही. त्याच्या आधी फक्त ‘प्यू’ म्हणजे ‘अधिक’ किंवा ‘मेनो’ म्हणजे ‘कमी’ हा शब्द येतो.

‘आन्ना ए आल्ता’ म्हणजे आन्ना उंच आहे. ‘आन्ना ए प्यू आल्ता’ म्हणजे आन्ना अधिक उंच आहे. ‘आन्ना ए मेनो आल्ता’ म्हणजे आन्ना कमी उंच आहे. माणूस पुरुष असला तर ‘आल्तो’, अनेक पुरुष असतील तर ‘आल्ती’, अनेक स्त्रिया असतील तर ‘आल्ते’. हा बदल लिंग-वचनाचा आहे, तुलनेचा नव्हे. आपल्याकडे ‘मोठा-मोठी-मोठे’ बदलते आणि ‘सुंदर’ बदलत नाही. इटालियनमध्येही ‘ग्रान्दे’ (मोठा, मोठी) यासारखी विशेषणे लिंगानुसार बदलत नाहीत, फक्त अनेकवचनी ‘ग्रान्दी’ होतात.

लॅटिनमध्ये असे नव्हते. तिथे ‘अधिक उंच’ यासाठी एकच बदललेला शब्द होता, ‘आल्तिओर’. पुढे बोलणाऱ्या लोकांनी तो टाकून दिला आणि ‘अधिक’ या अर्थाचा ‘प्लुस’ हा शब्द विशेषणामागे लावला. त्या ‘प्लुस’चाच इटलीत ‘प्यू’ झाला. पोर्तुगीजांनी त्याच अर्थाचा दुसरा लॅटिन शब्द ‘मागिस’ धरला, म्हणून त्यांच्याकडे ‘माइश’ असे म्हणतात.

एका ‘पेक्षा’चे दोन शब्द

आता अडचणीची जागा. आपला ‘पेक्षा’ इटालियनमध्ये दोन शब्दांत विभागला जातो, ‘दि’ आणि ‘के’. कुठे कोणता, हे समजले की निम्मा पाठ झाला.

दोन व्यक्ती, दोन गावे किंवा दोन वस्तू एकाच गुणाने मोजल्या जात असतील तर ‘दि’. ‘रोमा ए प्यू ग्रान्दे दि मिलानो’, म्हणजे रोम मिलानपेक्षा मोठे आहे. (रोमची वस्ती २७-२८ लाखांच्या घरात आहे, मिलानची १४ लाखांच्या आसपास, वाक्य खरे आहे.) ‘इल पो ए प्यू लुंगो देल तेवेरे’, म्हणजे पो नदी तेवेरेपेक्षा लांब आहे. पो सुमारे ६५० किलोमीटर वाहते. रोममधून जाणारी तेवेरे, जिला आपण टायबर म्हणतो, ती सुमारे ४०० किलोमीटर.

दुसऱ्या वाक्यात ‘दि’चा ‘देल’ झाला. पुढे ‘इल’ हे उपपद आले की ‘दि’ आणि ‘इल’ मिळून ‘देल’ होतो. ‘ला’ आले तर ‘देल्ला’, ‘लो’ आले तर ‘देल्लो’. अनेकवचनात ‘देई’, ‘देल्यी’ आणि ‘देल्ले’. ‘इल सोले ए प्यू ग्रान्दे देल्ला लूना’, सूर्य चंद्रापेक्षा मोठा आहे. आपण ‘चंद्र-पेक्षा’ न म्हणता ‘चंद्रापेक्षा’ म्हणतो, म्हणजे मध्ये काहीतरी घडतेच. त्यांच्याकडे ते उपपदात घडते एवढेच.

‘दि’चा नेहमीचा अर्थ ‘चा-ची-चे’ असा शिकलो, मग तो ‘पेक्षा’च्या जागी कसा? या प्रश्नाचे उत्तर मराठीतच आहे. ‘पेक्षा’ऐवजी आपण ‘हून’ही म्हणतो: ‘मारियाहून उंच’. हा ‘हून’ पंचमीचा प्रत्यय आहे. ‘घराहून निघालो’ यातही तोच. ज्याच्यापासून निघालो ते ठिकाण पंचमीत, आणि ज्याच्यापासून उंची मोजली ती व्यक्तीही पंचमीत. संस्कृतमध्ये असेच होते आणि लॅटिनमध्येही तुलनेला जवळपास हीच विभक्ती लागत असे. विभक्तीचे प्रत्यय झिजले तेव्हा ते काम ‘दि’कडे आले. म्हणून ‘दि’ दिसला की ‘हून’ आठवावा.

सर्वनामे आली की त्यांची ठोस रूपे वापरतात. ‘आन्ना ए प्यू आल्ता दि मे’, आन्ना माझ्यापेक्षा उंच आहे. ‘दि ते’ म्हणजे तुझ्यापेक्षा, ‘दि लुई’ त्याच्यापेक्षा, ‘दि लेई’ तिच्यापेक्षा. ‘दि इयो’ म्हणू नये. ते आपल्याकडे ‘मीपेक्षा’ म्हटल्यासारखे कानाला लागते.

आता ‘के’. तराजू डोळ्यांसमोर आणावा. वरच्या वाक्यांत दोन पारड्यांत दोन नावे होती आणि मोजायचा गुण एकच होता. कधी कधी मात्र नाव एकच असते आणि पारड्यांत दुसरेच काही असते: दोन गुण, दोन कामे, दोन ठिकाणे किंवा दोन वस्तूंचे प्रमाण. तेव्हा ‘के’ येतो.

दोन गुण: ‘क्वेस्ता स्तान्त्सा ए प्यू लुंगा के लार्गा’, ही खोली रुंद असण्यापेक्षा लांब आहे. दोन कामे: ‘मान्जारे ए प्यू फाचिले के कुचिनारे’, स्वयंपाक करण्यापेक्षा जेवणे सोपे आहे. (या वाक्यास आमच्या ओळखीच्या सर्व भगिनींची संमती आहे.) दोन ठिकाणे: ‘फा प्यू काल्दो आ पालेर्मो के आ तोरीनो’, तोरीनोपेक्षा पालेर्मोत अधिक उकडते. पालेर्मो दक्षिणेला सिसिली बेटावर आहे आणि तोरीनो उत्तरेला आल्प्सच्या पायथ्याशी. दोन वस्तूंचे प्रमाण: ‘बेवो प्यू आक्वा के काफ्फे’, मी कॉफीपेक्षा पाणी अधिक पितो.

शेवटच्या वाक्यात कॉफी आणि पाणी ही दोन नावेच आहेत, मग ‘दि’ का नाही, असे कोणी विचारील. कारण इथे पाणी कॉफीपेक्षा मोठे किंवा चांगले आहे असे म्हटलेले नाही. पिणारा एक आहे आणि त्याच्या पेल्यात कशाचे प्रमाण जास्त, हे मोजले आहे. ‘पाणी कॉफीपेक्षा स्वस्त आहे’ म्हणायचे असेल तर लगेच ‘दि’ परत येतो.

व्याकरणाची पुस्तके इथे फार काटेकोर असतात, माणसे थोडी सैल असतात. ‘आज कालपेक्षा अधिक उकडते’ यासाठी इटलीत सर्रास ‘ओज्जी फा प्यू काल्दो दि येरी’ असे म्हणतात, ‘के येरी’ही ऐकू येते. दोन्ही चालते. आम्ही ‘दि येरी’च पाठ करण्यास सांगू.

‘पेक्षा’चे तिसरे एक घर आहे, तेही सांगून ठेवू. ‘मला पास्त्यापेक्षा भात आवडतो’ या अर्थी ‘प्रेफेरीरे’ हे क्रियापद वापरले तर त्यापुढे ‘दि’ही नाही आणि ‘के’ही नाही, तर ‘आ’ येतो: ‘प्रेफेरिस्को इल रीसो आल्ला पास्ता’. आणि ‘वाटले होते त्यापेक्षा’ असे पूर्ण वाक्य मागे आले, तर ‘दि क्वेल्लो के’ जोडावे. ‘लितालियानो ए प्यू फाचिले दि क्वेल्लो के पेन्सावो’, इटालियन मला वाटले होते त्यापेक्षा सोपी आहे. सारखेपणा दाखवायचा असेल तर ‘कोमे’ पुरतो: ‘आन्ना ए आल्ता कोमे मारिया’, आन्ना मारियाइतकी उंच आहे.

‘सर्वांत’ म्हणजे एक उपपद

तमभावासाठी इटालियनमध्ये नवा शब्दच नाही. ‘प्यू’च्या आधी उपपद आले की ‘अधिक’चा ‘सर्वांत अधिक’ होतो. ‘आन्ना ए प्यू आल्ता’, आन्ना अधिक उंच आहे. ‘आन्ना ए ला प्यू आल्ता’, आन्ना सर्वांत उंच आहे. सगळा फरक त्या ‘ला’मध्ये. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून आपण ती गाळतो, आणि इटालियन माणसाला ‘सर्वांत’ ऐकूच येत नाही.

नाम असेल तर उपपद नामाच्या आधी एकदाच येते आणि ‘प्यू’ नामानंतर. ‘इल पो ए इल फ्यूमे प्यू लुंगो दितालिया’, पो ही इटलीतील सर्वांत लांब नदी आहे. ‘इल फ्यूमे इल प्यू लुंगो’ असे दोनदा उपपद घालण्याची रीत फ्रेंचांची आहे. फ्रेंच शिकलेल्यांनी सांभाळावे.

आणखी एक गोष्ट याच वाक्यात दडली आहे. आपण ‘इटलीतील’ म्हणतो, म्हणून मराठी मन ‘मध्ये’ या अर्थाचा ‘इन’ शोधते. इथे ‘इन’ येत नाही, पुन्हा ‘दि’च येतो: ‘दितालिया’ म्हणजे ‘दि इतालिया’. वर्गातील सर्वांत हुशार मुलगी ‘ला प्यू ब्रावा देल्ला क्लास्से’. जगातील सर्वांत लहान राज्य ‘लो स्तातो प्यू पिक्कोलो देल मोन्दो’, आणि ते म्हणजे ४४ हेक्टरचे व्हॅटिकन.

‘अतिशय’ची निराळी वाट

इथवर जे पाहिले त्यात नेहमी कोणाशी तरी तुलना होती. पण ‘अतिशय सुंदर’ म्हणताना आपण कोणालाच शेजारी उभे करत नाही. त्यासाठी इटालियनमध्ये ‘इस्सिमो’ हा प्रत्यय आहे. आपल्यापैकी पुष्कळांना तो न कळत ठाऊक आहे. गायनवृंदातील मंडळींनी स्वरलिपीत ‘पियानो’ आणि ‘पियानिस्सिमो’, ‘फोर्ते’ आणि ‘फोर्तिस्सिमो’ हे शब्द पाहिले असतील: हळू आणि अगदी हळू, मोठ्याने आणि फारच मोठ्याने. ‘पियानिस्सिमो’ म्हणजे सर्व गाण्यांत हळू असे नव्हे. पाहुणचार करणाऱ्या घरी ‘बोनीस्सिमो!’ म्हटले की जेवण फार चविष्ट आहे एवढेच सांगितले जाते. शेजारणीच्या स्वयंपाकाला नावे ठेवली असे होत नाही.

उपासनेतही हा प्रत्यय आहे आणि तिथे हा फरक विशेष महत्त्वाचा. ‘सान्तिस्सिमा त्रिनिता’ म्हणजे अनेक पवित्रांतील अधिक पवित्र असे नव्हे. म्हणूनच मराठीत आपण ‘परमपवित्र’ म्हणतो, ‘सर्वांत पवित्र’ म्हणत नाही. नुसते ‘इल सान्तिस्सिमो’ म्हटले तर इटलीत परमपवित्र साक्रामेंत समजले जाते. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना देवाच्या अस्तित्वाकडे नेणाऱ्या त्याच्या पाच मार्गांतील चौथा मार्ग येतो. तो वस्तूंतील ‘अधिक’ आणि ‘उणे’ यांवर उभा आहे. ‘प्यू’ आणि ‘मेनो’ला माप लागते, असे थॉमस जणू म्हणतो. ‘इस्सिमो’ ते माप मागत नाही. हे तत्त्वज्ञान परीक्षेत विचारत नाहीत, पण ‘इल प्यू सान्तो’ आणि ‘सान्तिस्सिमो’ यांची गल्लत होऊ नये म्हणून लिहिले.

प्रत्यय लावण्याची सोपी रीत अशी: विशेषणाचे पुल्लिंगी अनेकवचन करावे, शेवटचा ‘ई’ काढावा आणि ‘इस्सिमो’ जोडावे. ‘ग्रान्दे’चे ‘ग्रान्दी’, त्यावरून ‘ग्रान्दिस्सिमो’. ‘वेक्क्यो’ (म्हातारा) याचे ‘वेक्की’, त्यावरून ‘वेक्किस्सिमो’. ‘आन्तीको’ (प्राचीन) याचे ‘आन्तीकी’, म्हणून ‘आन्तिकिस्सिमो’. पण ‘सिंपातिको’ (मनमिळाऊ) याचे अनेकवचन ‘सिंपातिची’ होते, म्हणून ‘सिंपातिचिस्सिमो’. ‘लुंगो’चे अनेकवचन ‘लुंगी’ आहे, हसू येईल, पण त्यामुळे ‘लुंगिस्सिमो’ कायमचे लक्षात राहते. पुढे लिंग-वचनाप्रमाणे ‘इस्सिमा’, ‘इस्सिमी’, ‘इस्सिमे’. थोडी विशेषणे हट्टी आहेत: ‘चेलेब्रे’ (प्रसिद्ध) याचे ‘चेलेबेर्रिमो’ होते. अशी मोजकीच आहेत, भेटतील तेव्हा शिकावीत.

‘प्यू बेल्लिस्सिमो’ कधीही म्हणू नये. एकावर एक दोन टोप्या घातल्यासारखे ते होते.

नामालाही हा प्रत्यय लावण्याची इटालियनांना हौस आहे. सायकलपटू फाउस्तो कोप्पी याला लोक ‘कांपिओनिस्सिमो’ म्हणत, म्हणजे ‘महाविजेता’. १७९७ पर्यंत टिकलेल्या व्हेनिसच्या प्रजासत्ताकाला नुसते ‘ला सेरेनिस्सिमा’ म्हणत. पत्राच्या मायन्यातही ‘कारिस्सिमो’ (अतिप्रिय) आणि ‘जेन्तिलिस्सिमा सिन्योरा’ असते, आणि पाकिटावर त्याचे आपल्या ‘ती.’ आणि ‘चि.’सारखे संक्षेप होतात.

‘इस्सिमो’ जड वाटत असेल तर ‘मोल्तो’ (फार) लावून भागते: ‘मोल्तो बेल्लो’. पण आम्हाला इटालियनची तिसरी वाट अधिक प्रिय आहे, कारण ती थेट आपल्या अंगणातून जाते. ते लोक विशेषण दोनदा म्हणतात. ‘प्यानो प्यानो’ म्हणजे हळूहळू. ‘ऊन काफ्फे काल्दो काल्दो’ म्हणजे गरमागरम कॉफी. आणि आपण जसे हिरवेगार, काळाकुट्ट, पांढराशुभ्र म्हणतो तसे ठरावीक विशेषणाला ठरावीक शेपूट त्यांच्याकडेही आहे. ‘बान्यातो फ्रादीचो’ म्हणजे ओलाचिंब. ‘प्येनो त्सेप्पो’ म्हणजे खचाखच भरलेला. सकाळच्या लोकलला हे विशेषण शोभेल. ‘बूयो पेस्तो’ म्हणजे काळाकुट्ट अंधार. ‘नुओवो दि त्सेक्का’ म्हणजे कोरा करकरीत. ‘त्सेक्का’ म्हणजे टांकसाळ, नुकतेच पाडलेले नाणे जसे. ‘स्तांको मोर्तो’ म्हणजे थकून मेलेला. ‘हिरवे’ला ‘गार’च का आणि ‘पिवळे’ला ‘धमक’च का, हे आपल्याला कोणी शिकवले नाही. हेही तसेच कानाने शिकावे.

चार जुनी रूपे

लॅटिनची काही मूळ रूपे मात्र इटालियनने टाकली नाहीत. ‘ब्वोनो’ (चांगला) याचे ‘मिल्योरे’ (अधिक चांगला) आणि ‘ओत्तिमो’ (उत्तम). ‘कात्तीवो’ (वाईट) याचे ‘पेज्जोरे’ आणि ‘पेस्सिमो’. ‘ग्रान्दे’चे ‘माज्जोरे’ आणि ‘मास्सिमो’. ‘पिक्कोलो’ (लहान) याचे ‘मिनोरे’ आणि ‘मिनिमो’.

आपल्या घरीही अशी जुनी नाणी आहेत. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ हे मूळचे संस्कृत तमभाव. ‘ज्येष्ठ’ म्हणजे खरे तर सर्वांत थोर, पण ज्येष्ठ नागरिक म्हणताना ते कोणाच्या मनातही येत नाही. शाळेतील लसावि आणि मसावि आठवावेत: लघुतम साधारण विभाज्य आणि महत्तम साधारण विभाजक. इटालियन मुले तेच ‘मिनिमो कोमूने मूल्तिप्लो’ आणि ‘मास्सिमो कोमून दिविसोरे’ म्हणून घोकतात. जिथे आपण ‘तम’ लावला तिथेच त्यांनी ‘मिनिमो’ आणि ‘मास्सिमो’ ठेवले.

‘माज्जोरे’ आणि ‘प्यू ग्रान्दे’ यांत एक बारीक भेद आहे. आकाराबद्दल बोलताना बहुधा ‘प्यू ग्रान्दे’ म्हणतात, मान किंवा वय सांगताना ‘माज्जोरे’. ‘सोरेल्ला माज्जोरे’ म्हणजे थोरली बहीण, ‘फ्रातेल्लो मिनोरे’ म्हणजे धाकटा भाऊ. थोरली बहीण ठेंगणी असली तरी ‘माज्जोरे’च. रोममधील ‘सान्ता मारिया माज्जोरे’ हे बसिलिका पुष्कळांना ठाऊक आहे. पोप फ्रान्सिस यांना २६ एप्रिल २०२५ रोजी तेथेच पुरण्यात आले. रोममध्ये मरियामातेच्या नावाची अनेक चर्चेस आहेत, त्यांत हे थोरले. असिसीच्या संत फ्रान्सिसने आपल्या बंधूंना ‘मिनोरी’ म्हणवले, ते उंचीवरून नव्हे. आणि उत्तर इटलीतील ‘लागो माज्जोरे’ या सरोवराच्या नावाने फसू नये. इटलीतील सर्वांत मोठे सरोवर गार्दा आहे, सुमारे ३७० चौरस किलोमीटर. माज्जोरे सुमारे २१२. म्हणजे ‘इल लागो दि गार्दा ए प्यू ग्रान्दे देल लागो माज्जोरे’, गार्दा हे ‘थोरल्या’ सरोवराहून मोठे आहे. हे वाक्य पाठ केले तर आजचे तीन नियम एकदम पाठ होतात.

रुग्णाच्या उशाशी

आता सुरुवातीला म्हटले होते त्या शब्दाकडे येऊ.

प्रकृतीबद्दल बोलताना ‘मिल्योरे’ वापरू नये. ते विशेषण आहे, ते वस्तूला किंवा व्यक्तीला लागते. ‘कसे वाटते’ याला क्रियाविशेषण हवे: ‘बेने’ (बरे) याचे ‘मेल्यो’ आणि ‘माले’ (वाईट) याचे ‘पेज्जो’. ‘स्तो मेल्यो’ म्हणजे मला अधिक बरे वाटते. ‘स्तो पेज्जो’ म्हणजे त्रास वाढला आहे. आजी ‘स्तो पेज्जो’ म्हणाल्या आणि ऐकणारीला शेवटचे अक्षर तेवढे कळले, तर पुढचा तास वाया जातो. ‘सेम्प्रे पेज्जो’ म्हणजे सतत बिघडत चालले आहे. ‘सेम्प्रे प्यू देबोले’ म्हणजे दिवसेंदिवस अधिक अशक्त. ‘सेम्प्रे’चा अर्थ ‘नेहमी’ असा शिकलेली माणसे इथे ‘नेहमीच अशक्त असतात’ असे समजून निश्चिंत होतात, आणि बिघाड मात्र आत्ता होत असतो.

सर्वांत सांभाळायचा तो ‘प्यू’च. होकारार्थी वाक्यात ‘प्यू’ म्हणजे ‘अधिक’. वाक्यात ‘नोन’ (नाही) आले की क्रियापदामागून येणारा ‘प्यू’ बहुधा ‘यापुढे’, ‘आता’ या अर्थी जातो. ‘नोन मान्जा प्यू’ याचा अर्थ ‘अधिक खात नाही’ असा नव्हे. ‘आता खातच नाही’, म्हणजे खाणे बंद झाले आहे, असा आहे. ‘अधिक खात नाही’ म्हणायचे तर ‘नोन मान्जा दि प्यू’. त्या ‘दि’वर सारे अवलंबून आहे.

गोळ्यांचेही तसेच. डॉक्टर म्हणाले, ‘नोन प्यू दि दुए कोम्प्रेस्से अल जोर्नो’, तर दिवसाला दोनपेक्षा जास्त गोळ्या देऊ नयेत. संख्येच्या आधी ‘प्यू दि’ म्हणजे ‘पेक्षा जास्त’. पण ‘नोन प्रेन्दे प्यू ले कोम्प्रेस्से’ म्हटले तर ती व्यक्ती आता गोळ्या घेत नाही, बंद केल्या. पहिल्या वाक्यात गोळ्या चालू आहेत, दुसऱ्यात नाहीत. शब्द जवळजवळ तेच आहेत. शंका वाटली तर ‘दि प्यू?’ असा उलट प्रश्न करावा. इटालियन माणसे याला हसत नाहीत.

सरावासाठी

पुढील पाच वाक्ये उत्तर झाकून इटालियनमध्ये करून पाहावीत. माझा थोरला भाऊ माझ्याहून बुटका आहे. चुकण्यापेक्षा विचारणे बरे. हे रोममधील सर्वांत जुने चर्च नव्हे, पण अतिशय जुने आहे. आज आजीला कालपेक्षा बरे आहे. त्यांना आता ताप नाही.

उत्तरे त्याच क्रमाने. ‘मीयो फ्रातेल्लो माज्जोरे ए प्यू बास्सो दि मे.’ ‘ए मेल्यो क्येदेरे के स्बाल्यारे’. दोन कामे आहेत, म्हणून ‘के’. ‘क्वेस्ता नोन ए ला क्येझा प्यू आन्तीका दि रोमा, मा ए आन्तिकिस्सिमा’. ‘क्येझा’ स्त्रीलिंगी आहे हे विसरू नये. ‘ओज्जी ला नोन्ना स्ता मेल्यो दि येरी.’ आणि शेवटचे, ‘नोन आ प्यू ला फेब्ब्रे.’